मिग-२१ चं मॉडेल, नकली डिकल्स आणि पाण्यात गेलेले चार महिने

लिहायला जरा लाज वाटतेय. मॉडेल बनवायच्या या छंदात बरीच वर्षं झाली, दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्याइतकी झाली, आणि तरी एका माणसाने मला अशी टोपी घातली की ते कळायलाच चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी शिव्या घातल्या त्या स्वतःच्या हातांना, त्याला एकही नाही. ही फसवणूक चालते ती नेमकी यामुळेच, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे १/४८ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाचा, मिग-२१ एमएफ या लढाऊ विमानाचा किट पडून होता. किटमध्ये काही खोट नव्हती, तो चांगल्या दुकानातून घेतलेला. पण मला बनवायचं होतं बेअर मेटल, म्हणजे कॅमोफ्लाज नसलेलं, उघड्या अ‍ॅल्युमिनियमचं सोव्हिएत विमान, आणि त्यासाठी मला हवी असलेली डिकल शीट, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या तारे-अक्षरांसारख्या खुणांचा कागद, बंद होऊन जमाना झाला होता. मिग-२१ अकरा हजारांच्या वर बनली, कितीतरी देशांनी उडवली, त्यामुळे तिच्या डिकल्सचा आणि रेझिन पार्ट्सचा (साच्यात ओतून बनवलेले, किटमधल्यांच्या जागी लावायचे जास्त बारकाव्याचे भाग) बाजार प्रचंड आहे, आणि त्यातल्या बंद पडलेल्या शीटच्या मागे आमच्यासारखे लोक वेड्यासारखे फिरत असतात. असाच फिरत असताना ऑनलाइन एक विकणारा सापडला, त्याच्याकडे तीच शीट आणि सोबत रेझिनचा सेट, म्हणजे कॉकपिट, केएम-१ इजेक्शन सीट आणि मागचं एक्झॉस्ट नॉझल, सगळं पॅकबंद, सगळं ओरिजिनल.

भाव फार स्वस्त असता तर संशय आला असता. पण तो बाजारभावापेक्षा थोडासाच कमी, 'छंद बंद करतोय, कलेक्शन काढतोय' म्हणणाऱ्या माणसाला शोभेल इतकाच कमी. मी म्हटलं, शीटच्या बाजूला आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून एक फोटो पाठव. तर म्हणे "सर, सामान गावाकडच्या घरी आहे, परवा आणतो आणि थेट कुरिअरच करतो, अजून दोघं मागे लागलेत". आणि मी, हो, मी, पैसे पाठवून मोकळा. तेही त्याच्याच सांगण्यावरून, मित्राला पाठवतो तसे, ज्यात खरेदीचं संरक्षण वगैरे काही नसतं. कमिशन वाचतं म्हणे. त्याचं वाचलं.

पार्सल आलं, वरवर बघितलं, सगळं होतं, कपाटात ठेवलं. इथे आपली जमात ओळखून आहेत हे लोक! आपण घेतलेली वस्तू कधी लगेच वापरतो का, किट्सचा ढीग लागलेला असतो, नंबर येईपर्यंत सहा महिने सहज जातात, तोवर तक्रारीची मुदत कधीच उलटलेली असते.

पुढे बिल्ड सुरू झाला. रेझिनची सीट बाहेर काढली तर तिच्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं, म्हणजे हवेचे बुडबुडे, आणि बेल्टच्या कडा चोखलेल्या गोळीसारख्या गुळगुळीत. म्हटलं असेल एखादी खराब कास्टिंग, पुट्टी भरली. मग कॉकपिट टब बसवायला घेतला, तर दोन्ही बाजूंनी खुळखुळ हलतोय. मला वाटलं मीच फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, आतून जास्त घासलं. प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून फट भरली. मग नॉझल. ते शेपटीच्या गोलात बसवलं तर कडेने सगळीकडून सारखी फट, एका बाजूला नाही, गोल फिरून सारखी. तिथे तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. माणसाचा हात चुकतो तेव्हा तो एका बाजूला चुकतो, असा गोलाकार मापात नाही चुकत. पण या छंदात फिटिंगची भानगड इतकी नेहमीची आहे, की काही बसलं नाही की पहिला आरोपी आपणच.

खरं कारण नंतर समजलं. याला रीकास्ट म्हणतात. कोणीतरी ओरिजिनल पार्ट विकत घेतो, त्यावर सिलिकॉन ओतून साचा काढतो आणि त्यात आपलं रेझिन ओतून कॉप्या पाडतो. रेझिन घट्ट होताना थोडं आक्रसतं. ओरिजिनल बनवणारा ते गृहीत धरून मास्टर, म्हणजे साच्यासाठीचा मूळ नमुना, थोडा मोठा करू शकतो, पण कॉपीवाला आधीच आक्रसलेल्या पार्टचा साचा घेतो आणि ते परत आक्रसतं. म्हणून कॉपी नेहमी जराशी बारकी, आणि साचा जुना होत जातो तसे रिव्हेट बुजत जातात. एका मित्राकडे तोच सेट दुकानातून घेतलेला होता, व्हर्नियर लावून बघितलं, माझं नॉझल त्याच्यापेक्षा ०.४ मिलिमीटरने कमी. आकडा किरकोळ वाटतो, पण १/४८ मध्ये ०.४ म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ दोन सेंटिमीटर, आणि मॉडेलवर ती फट लांबून पण दिसते.

तर तेव्हा हे काही माहीत नव्हतं, मी पुट्टी, सँडिंग, पुन्हा पुट्टी करत पुढे गेलो. रंगाला आलो. बेअर मेटल ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही केलं त्यांना सांगून कळणार नाही. आधी ग्लॉस काळा बेस, तो आरशासारखा हवा, एक ओरखडा राहिला तरी वरून मेटॅलिक मारल्यावर तो ओरडून सांगतो. मी काळा बेस दोनदा काढला. मग लॅकर मेटॅलिक, एअरब्रशने १२ ते १५ पीएसआय प्रेशरवर, अगदी पातळ, थरावर थर. मग मास्किंग करून काही पॅनल्स जरा गडद, काही फिकट, मागे इंजिनच्या बाजूला तापून काळवंडलेलं धातू दिसावं म्हणून वेगळी छटा. नाकातला शंकू हिरवा. सगळ्यावर ग्लॉस कोट, डिकल खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसू नयेत म्हणून. दोन दिवस नुसता बघत बसायचो मी त्याच्याकडे.

मग डिकल्स. शीट कापायला घेतली तेव्हा दिसलं की फिल्म, म्हणजे खुणा धरून ठेवणारा पारदर्शक पापुद्रा, सगळ्या शीटभर सलग आहे, प्रत्येक खुणेभोवती वेगळी नाही. काही लहान उत्पादकांच्या खऱ्या शीट पण तशा असतात, म्हणून सोडून दिलं. डाव्या पंखाचा लाल तारा पाण्यात भिजवला, सरकवून जागेवर बसवला. आणि काहीतरी विचित्र दिसलं. सोव्हिएत ताऱ्याला लाल, त्याभोवती पांढरी रेघ, त्याभोवती पुन्हा बारीक लाल रेघ असते. कागदावर पांढरी रेघ स्वच्छ दिसत होती. पंखावर ती चंदेरी झाली! आणि तारा लाल न दिसता सुकलेल्या रक्तासारखा तपकिरी. तरीही, बघा माणूस किती आंधळा होतो, मला वाटलं ओलं आहे, वाळलं की येईल रंग. पॅनल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या खाचेत, बसावा म्हणून वरून ब्रशने डिकल सॉफ्टनर, म्हणजे डिकल मऊ करणारं द्रव, लावलं आणि हात धुवायला गेलो.

परत आलो तर ताऱ्याच्या खालच्या दोन टोकांतून गुलाबी पाणी निघालेलं. एक ओघळ पंखाच्या मागच्या कडेकडे गेलेला, आणि दुसरा एका पॅनल लाइनमध्ये शिरून सरळ रेषेत एलरॉनपर्यंत, म्हणजे पंखामागच्या हलत्या पट्टीपर्यंत, पोचलेला, कोणी गुलाबी पेनने आखल्यासारखा. टिश्यू लावला तर तारा अख्खा टिश्यूला चिकटून आला.

तो घरच्या साध्या इंकजेट प्रिंटरवर छापलेला होता. इंकजेटमध्ये पांढरी शाई नसते. पांढरी रेघ म्हणजे तिथे काहीच छापलेलं नव्हतं, मागचा कागद पांढरा म्हणून ती पांढरी वाटायची. पांढऱ्याचा थर खाली नाही म्हणून लाल रंग पण धातूवर मेला. आणि शाई पाण्यात विरघळते, वरून क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, एक पातळ हात मारलेला होता, तो सॉफ्टनरने उघडला. उरलेली शीट मग भिंगाखाली धरली तर लाल म्हणजे किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी. खऱ्या स्क्रीन प्रिंट शीटमध्ये रंग एकसंध भरलेला असतो. ठिपके दिसले म्हणजे नकलीच असं मात्र नाही हं, हल्ली काही चांगल्या शीट पण डिजिटल छापतात, पण बारीक अक्षरं बघा. मिग-२१ वर ठिकठिकाणी रशियन सूचना असतात, खऱ्या शीटवर त्या भिंगातून निदान अक्षरं म्हणून ओळखू येतात, माझ्या शीटवर मुंग्या मेल्या होत्या.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर लगेच आलं, आणि काय सफाईदार: "सर तुमचं सोल्युशन जास्त स्ट्राँग असेल, जुन्या डिकलला असं चालत नाही". मी एक क्षण खरंच बाटलीकडे बघितलं! मग म्हणे ग्लॉस कोट नीट सुकला नसेल. मग रेझिनचं विचारलं तर "सँडिंग जपून करावं लागतं सर". तो समोरच्याच्या कौशल्यावर बोट ठेवतो, आणि आपल्यातला प्रत्येक जण आतून स्वतःच्या कौशल्याबद्दल धास्तावलेलाच असतो, त्यामुळे ते बोट बरोबर लागतं. व्हर्नियरचे फोटो पाठवल्यावर ब्लॉक. पैसे गेले ते गेलेच, कारण कागदोपत्री मी ते 'मित्राला' दिलेले होते. नंतर त्याने दाखवलेले फोटो इमेज सर्चमध्ये टाकले तर ते भलत्याच कोणाच्या तरी जुन्या विक्रीतले निघाले. हे पैसे पाठवायच्या आधी दोन मिनिटांत झालं असतं.

आता मी काय करतो ते सांगतो. पार्सल आलं की त्याच दिवशी उघडायचं, उघडतानाचा व्हिडिओ काढायचा, पॅकबंद राहिलं तर किंमत वाढेल वगैरे हौस सोडून दिली. डिकल शीटच्या कोपऱ्यातलं एखादं नको असलेलं अक्षर किंवा कंपनीचा लोगो कापायचा आणि काळ्या ग्लॉस रंगवलेल्या चमच्यावर लावून सॉफ्टनर घालायचं. पांढरं पांढरं राहतंय का आणि रंग सुटतोय का, दोन्ही तिथेच दिसतं. रेझिन पार्ट रंग लावायच्या आधी किटच्या पार्टशेजारी ठेवून मोजायचा. आणि घासताना ओलं घासायचं, मास्क लावायचा, ती पूड फुफ्फुसाला वाईट, नकली रेझिनमध्ये काय मिसळलंय देव जाणे.

मॉडेल वाचवलं. डाव्या पंखाचा वरचा भाग पूर्ण उतरवून पुन्हा काळा, पुन्हा मेटॅलिक. तारे आता मास्क कापून रंगवलेत, आधी पांढरा, मग लाल, आणि खरं सांगायचं तर डिकलपेक्षा चांगले आलेत, कारण फिल्मची कडाच नाही. बाहेरची बारीक लाल रेघ मात्र दोन ठिकाणी हलली. नॉझलच्या जागी किटमधलंच प्लॅस्टिकचं बसवलं, ते पहिल्याच फटक्यात चपखल बसलं.

गेल्या आठवड्यात तोच सेट परत विक्रीला दिसला. नाव वेगळं, फोटो तेच, शीटच्या कोपऱ्याची तीच घडी. 'शेवटचा पीस' लिहिलंय. मी तक्रार टाकली, दोन दिवसांनी जाहिरात गेली, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या नावाने परत आली. खाली असंही लिहिलंय की पॅकिंग अत्यंत काळजीपूर्वक करून पाठवतो. ते मात्र खरंय, पॅकिंग एक नंबर होतं.