क्लस्टरचा डेटा नोडच्याच डिस्कवर ठेवायचा, तर कुठली पद्धत घ्यावी?

भोसरी-चाकणच्या कारखान्यात मशिनांचा डेटा जागेवरच साठवायला तीन सर्व्हरचं (त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक नोड) क्युबरनेटिस क्लस्टर, म्हणजे सर्व्हर एकत्र जोडून त्यांवर प्रोग्राम चालवणारी व्यवस्था, उभं करायचं, तर गाडी डिस्कपाशी अडते. वेगळं स्टोरेज परवडत नाही आणि सर्व्हरमधल्या एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क तर हाताशी असतात. त्या वापराव्यात, जरूर वापराव्यात. पण कशा, ते नीट ठरवून.

एम्प्टीडिर, म्हणजे पॉडला (नोडवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या एककाला) मिळणारी तात्पुरती जागा, इथे बाजूलाच ठेवा. पॉड गेला की त्यातला डेटाही जातो. तात्पुरत्या फाइलींपुरतं ते ठीक आहे.

होस्टपाथ सगळ्यात सोपा आणि माझ्या मते डेटाबेससाठी सगळ्यात घातक. पॉडमध्ये नोडवरच्या फोल्डरचा पत्ता लिहिला की झालं. पण डेटा कुठल्या नोडवर आहे, हे शेड्युलरला, म्हणजे पॉड कुठल्या नोडवर चालवायचा ते ठरवणाऱ्या भागाला, माहीतच नसतं. पॉड दुसऱ्या नोडवर उठला आणि 'फोल्डर नसेल तर बनव' असं सांगितलेलं असेल, तर त्याला रिकामा फोल्डर मिळतो. डेटाबेस कोराकरकरीत सुरू होतो, एररही येत नाही. शिवाय पॉडचा हात थेट नोडच्या फाइलींपर्यंत पोचतो, म्हणून क्युबरनेटिसच्या पॉड सुरक्षा नियमांच्या 'बेसलाइन' या सौम्य पातळीवरही होस्टपाथला मनाई आहे. प्रत्येक नोडवरचे लॉग गोळा करणाऱ्या एजंटला तो लागतो, तेवढ्यापुरताच ठेवा.

लोकल पर्सिस्टंट व्हॉल्यूम (नोडवरची डिस्क क्लस्टरमध्ये कायमची साठवण म्हणून नोंदवणं) 2019 मध्ये, क्युबरनेटिसच्या, 1.14 आवृत्तीत स्थिर झालं. यात नोडची ओळख व्हॉल्यूममध्येच लिहावी लागते, त्यामुळे पॉड डेटा असेल तिथेच जातो. स्टोरेजक्लासमध्ये (साठवण कशी द्यायची त्या नियमांत) 'वेटफॉरफर्स्टकन्झ्युमर', म्हणजे वापरणारा पॉड येईपर्यंत थांबा, असं ठेवा, नाहीतर पॉडला लागणारी सीपीयू-मेमरी न पाहताच व्हॉल्यूम मागणीशी जोडलं जातं. अडचण एकच: व्हॉल्यूम मागणीनुसार तयार होत नाहीत. 100 जीबी मागितले आणि 1 टीबीची डिस्कच मोकळी असेल, तर अख्खी डिस्क त्या एकाच्या नावावर जाते. काफ्कासारख्या (संदेशांचा ओघ साठवून पुढे देणारी प्रणाली) डिस्क राबवणाऱ्या कामाला मात्र स्वतंत्र डिस्क मिळणं हे वरदानच.

के3एस या क्युबरनेटिसच्या हलक्या आवृत्तीसोबत येणारा लोकल-पाथ प्रोव्हिजनर मागाल तेव्हा फोल्डर काढून देतो. पण 10 जीबीची मागणी ही फक्त कागदावरची मर्यादा. एका पॉडने डिस्क भरली की त्याच डिस्कवरचे शेजारीही अडकतात. टेस्टिंगला छान, प्रॉडक्शनला नको.

टोपोएलव्हीएम किंवा ओपनईबीएसचा एलव्हीएम (लिनक्समध्ये डिस्कचे हवे तेवढे भाग पाडायची सोय) प्रकार मला या कामासाठी सर्वांत योग्य वाटतो. मर्यादा खरोखर पाळली जाते, व्हॉल्यूम नंतर वाढवता येतं, आणि टोपोएलव्हीएम तर शेड्युलिंग करताना कुठल्या नोडवर किती जागा उरली आहे तेही बघतो. मोबदल्यात प्रत्येक नोडवर व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे डिस्कची एकत्र केलेली जागा, बांधून सांभाळावा लागतो.

यातली कुठलीही पद्धत डेटाची दुसरी प्रत ठेवत नाही, आणि निर्णय खरा इथे होतो. गुरुवारी, भोसरीच्या साप्ताहिक सुट्टीला, देखभालीसाठी नोड ड्रेन केला, म्हणजे त्यावरचे पॉड काढून घेतले, की त्याच्या डिस्कशी बांधलेला पॉड नोड परत येईपर्यंत पेंडिंगमध्ये बसतो. काफ्काच्या प्रती तिन्ही नोडवर असतील तर काम चालू राहतं. एकच पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर सगळं थांबतं. अशा वेळी लाँगहॉर्न हा स्टोरेज प्रोग्राम नेटवर्कवरून प्रती ठेवतो, पण प्रत्येक लिखाण प्रतींपर्यंत पोचेतो थांबतं. मी त्याऐवजी क्लाउडनेटिव्हपीजी (क्युबरनेटिसवर पोस्टग्रेस सांभाळणारा प्रोग्राम) वापरून पोस्टग्रेसच्याच प्रती वेगवेगळ्या नोडवर ठेवेन, खाली एलव्हीएम. बॅकअप कारखान्याबाहेर हवाच.

नोड कायमचा गेला, तर स्टेटफुलसेटचा, म्हणजे स्वतःची ओळख आणि साठवण धरून ठेवणारा, पॉड आपणहून दुसरीकडे उठत नाही. जुना पीव्हीसी (व्हॉल्यूमची मागणी) आणि पॉड हाताने काढावे लागतात, मगच नवं व्हॉल्यूम मिळतं. क्लस्टर कारखान्याच्या ताब्यात देण्याआधी, रात्रपाळीला जो असेल त्याच्याकडून हे एकदा करवून घ्या.