मालिकेचे संवाद की नोकरी सांभाळून स्वतःची पटकथा?

चित्रपट लिहायचाय, पण घरही चालायला हवं, अशा टप्प्यावर आलेल्यांसमोर बहुधा दोनच वाटा असतात. एक म्हणजे दैनंदिन मालिकेच्या टीममध्ये संवाद किंवा पटकथा लिहायला लागायचं, म्हणजे पोटापाण्याचं काम आणि लेखन एकच. दुसरी म्हणजे आहे ती नोकरी धरून ठेवायची आणि स्वतःची पटकथा पहाटे नाहीतर रात्री पुढे न्यायची. मी दोन्ही केलंय. वर्षाहून जास्त काळ एका मराठी मालिकेचे संवाद लिहिले. आता पुन्हा बँकेत आहे आणि पहाटे लिहितो. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमचं घर, तुमची माणसं, तुमची झोप माझ्यासारखी असेलच असं नाही. तेवढी मुभा ठेवून वाचा.

आधी मालिकेची बाजू, कारण तिला सर्रास नावं ठेवली जातात आणि ते मला पटत नाही. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळल्या तर २२ मिनिटांच्या आसपास मजकूर लागतो आणि तो आठवड्याला सहा वेळा लागतो. एका पानाला एक मिनिट हा पटकथेचा ठोकताळा धरला, तर एका आठवड्यात अख्ख्या चित्रपटाएवढी पानं हाताखालून जातात. एवढा सराव दुसरीकडे कुठेही मिळत नाही. शिवाय लिहिलेलं लगेच बोललं जातं. मी एकदा आईच्या तोंडी वाक्य दिलं होतं, ‘अगं, तू आलीस तेव्हा मी देवघरात होते, त्यामुळे बेल ऐकूच आली नाही.’ सेटवर त्या अभिनेत्रीने पदराला हात पुसत नुसतं ‘देवघरात होते’ एवढंच म्हटलं. लेक का रुसली, आई तिला कशी समजावतेय, सगळं त्या दोन शब्दांत आलं. हे शिक्षण मला घरी बसून मिळालं नसतं. आजही स्वतःच्या पटकथेतला संवाद लांबला की मी तो हात पुसत म्हणून बघतो.

ओळखी होतात, त्या कामाच्या असतात. दिग्दर्शक, संकलक, नट यांना तुमचं नाव माहीत होतं आणि उद्या चित्रपटाची संहिता घेऊन गेलात तर ‘हा कोण’ हा प्रश्न उरत नाही. पैसेही बरे मिळतात. फक्त ते भागाच्या हिशोबाने मिळतात, टीडीएस कापून मिळतात आणि ९० दिवसांनी हाती येणं या धंद्यात रूढ आहे. पहिले तीन महिने घर कशावर चालवायचं याची तजवीज आधीच करून ठेवावी लागते. मालिका अचानक बंद झाली तर पुढची मिळेपर्यंतची तजवीज वेगळी.

एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की करून जा. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही सहसा तीन वेगळ्या माणसांची कामं असतात. कोण कुठल्या सीनला काय करणार हे वरून ठरून येतं, संवादलेखक ते बोलतं करतो. ते काम हलकं नाही, पण गोष्ट रचण्याची जी भूक घेऊन आपण या क्षेत्रात येतो ती त्यातून भागत नाही. मला याचा त्रास झाला नाही, कारण मी ते जाणूनच गेलो होतो.

मला बाहेर काढलं ते वेगळ्याच गोष्टीने, आणि ती म्हणजे थांबून राहणं.

लिहिण्याचा वेळ मोजता येतो. मला एका भागाचे संवाद लिहायला सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ पुरायचा. पण लिहून पाठवलं की काम संपत नाही. संवाद प्रॉडक्शनकडे जातात, तिथून वाहिनीच्या क्रिएटिव्ह टीमकडे. त्यांच्याकडे एकाच वेळी दोन-तीन मालिका असतात, बैठका असतात, त्यामुळे ते मोकळे होतील तेव्हा नोट्स, म्हणजे बदलांच्या सूचना, येतात. गुरुवारी टीआरपी आला की कथानकाचा ट्रॅक वळतो आणि कालपर्यंत मंजूर असलेलं परत लिहावं लागतं. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार होऊन शिल्लक असलेले भाग, हाताशी असेल तर हे सगळं निभतं. बँक संपली, की आज लिहिलेलं उद्या सकाळच्या शिफ्टला शूट होणार असतं आणि मग संध्याकाळपासून फोन जवळ घेऊन बसावं लागतं. यात कोणी मुद्दाम त्रास देत नाही. तेही घरी गेलेले नसतात. पण त्या चार-पाच तासांत ना आपली पटकथा उघडता येते, ना मुलीच्या गणिताकडे धड लक्ष देता येतं. ते तास लेखनाचेही नसतात आणि घराचेही नसतात.

गौरी जेवणाच्या दिवशीची गोष्ट सांगतो. घरात आरती चालू होती, फोन केळीच्या पानांच्या चळतीवर पालथा ठेवला होता. निरोप आला, ‘सर, उद्या काकूंची शूटिंगची डेट नाही. त्यांचे डायलॉग आत्याला द्या.’ आता त्या ट्रॅकमध्ये घराची कागदपत्रं कुठे आहेत हे फक्त काकूला माहीत होतं, आठवडाभराचं नाट्य त्याच गुपितावर उभं होतं. आत्याला ते शब्द दिले की गुपितच फुटलं. मी आतल्या खोलीत गेलो आणि आत्या बोलेल, पण तिला अर्धवटच माहीत असेल, असा सीन फिरवला. बदलायला अर्धा तास लागला. पण तो मंजूर झाला का हे कळेपर्यंत पाहुणे जेवले, बायका हळदीकुंकू घेऊन गेल्या, आईने माझं पान झाकून ठेवलं, आणि मी त्या खोलीतच होतो. बायको काही बोलली नाही. तिलाही ठाऊक होतं की काम अर्ध्या तासाचंच होतं.

त्या दिवसापासून मी दोन्ही वाटा या एकाच मापाने तोलायला लागलो. नोकरी वेळ खाते, भरपूर खाते. पण किती खाणार ते ठरलेलं असतं. काउंटर बंद होतो, कॅश जुळते, सही होते आणि माणूस सुटतो. त्यानंतर शाखेतून मला क्वचितच कोणी फोन करतं. डोंबिवलीच्या गाडीत चढलो की डोकं माझं असतं.

नोकरीची बाजू गोड करून सांगायची नाहीये. पहिली अडचण म्हणजे तुमच्या पटकथेची कोणी वाट बघत नसतं. आज नाही लिहिलं तर कोणाचं काही अडत नाही, आणि हे जाणवलं की हात थांबतो. मी बाहेरच्या तारखांचा आधार घेतो. एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, स्क्रीनरायटर्स लॅबची प्रवेशिका असेल, एखादी एकांकिका स्पर्धा असेल, नाहीतर नुसतं ‘दिवाळीच्या आधी तुला पहिला अंक वाचून दाखवतो’ असं मित्राला दिलेलं वचन असेल. दुसरी अडचण सलगतेची. मार्चअखेर आली की बँकेत कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि त्या काळात माझं लेखन जवळजवळ बंद पडतं. परत आल्यावर पात्रं परकी वाटतात. यावर मला एकच उपाय लागू पडला. सीन पूर्ण करून उठायचं नाही. पुढचं वाक्य माहीत असतानाच वही मिटायची, म्हणजे परत बसल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही. तिसरी अडचण, निर्मात्यांच्या भेटी आठवड्याच्या मधल्या वारी, भर दुपारी, अंधेरीत ठरतात. किरकोळ रजा त्यातच जातात आणि घरच्यांसोबत कोकणात जायला उरत नाहीत. ही किंमत खरी आहे आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून मोजतो.

पहाटेचा वेळही आपोआप मिळत नाही. मी पाच ते साडेसहा लिहितो, पण त्याच वेळात घरात पाणी भरायचं असतं, दोन डबे व्हायचे असतात, मुलीची शाळेची रिक्षा सातला येते. मी लिहीत बसलो आणि हे सगळं बायकोने उरकलं, तर तो वेळ मी तिच्याकडून घेतलेला असतो, नोकरीकडून नाही. म्हणून भाजी रात्रीच चिरून ठेवतो, कणीक मळून ठेवतो, आणि साडेसहानंतर डबे माझ्याकडे. हे लेखनाच्या सल्ल्यात कोणी सांगत नाही, पण माझ्या मते पटकथा पूर्ण होते की नाही हे यावरच ठरतं. ज्या घरात लेखनाचा भार एकाच माणसावर पडतो तिथे ते फार दिवस टिकत नाही.

मालिकेत असताना हीच वाटणी आम्ही करून पाहिली होती. ती टिकली नाही, कारण मी कधी मोकळा असेन हे मलाच सांगता येत नव्हतं. कणीक मळायला घ्यावी आणि फोन वाजावा.

नोकरी करत लिहिणं म्हणजे हौस, खरा लेखक सगळं सोडून उतरतो, असं काही जण म्हणतात. मराठी माणसाने तरी ते मनाला लावून घेऊ नये. आपली प्रायोगिक आणि हौशी रंगभूमी ऑफिस सुटल्यावरच्या तालमींवर उभी आहे. राज्य नाट्य स्पर्धेत आणि कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धांत बँकेतली, रेल्वेतली, कारखान्यातली माणसं वर्षानुवर्षं उतरली. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचं काम करत होते त्याच काळात नाटकं लिहीत होते. विजय तेंडुलकरांनी वर्तमानपत्रांत नोकऱ्या केल्या. त्यांच्या पंगतीला बसण्याचा दावा नाही, पण ही वाट आडवळणाची नाही एवढं त्यावरून नक्की कळतं.

मग मालिका कोणी निवडावी? वय कमी आहे, घरी कोणी अवलंबून नाही, गोरेगाव, मढ किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या पट्ट्यात राहता येतं, आणि डोक्यावर तारीख असल्याशिवाय हातून काही लिहून होत नाही, अशांनी जरूर निवडावी. वर्ष-दोन वर्षांत हात असा बसेल की पुढे जन्मभर पुरेल. घरात लहान मूल आहे, आईवडील थकलेत, आणि मनात एक गोष्ट आहे जी तुम्हालाच पहिल्यापासून शेवटपर्यंत रचायची आहे, तर नोकरी सोडण्याची घाई मी करणार नाही. चित्रपटाची पटकथा १०० ते १२० पानांची. रोज थोडं जरी झालं तरी ती पुढे सरकते. माझी हळू सरकते, पण ती माझ्या मनाप्रमाणे सरकते आणि संध्याकाळी मी घरी असतो. वेब सीरिजची रायटर्स रूम, म्हणजे अनेक लेखकांनी एकत्र बसून लिहिणं, हा तिसरा पर्याय आता बोलला जातो. त्याचा अनुभव मला नाही, त्यामुळे मत देत नाही.

कुठलीही वाट धरलीत तरी कागदपत्रं नीट बघा. पटकथा कोणाला वाचायला देण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन तिची ऑनलाइन नोंदणी करून ठेवा. नोकरी जाहिरात एजन्सीत किंवा कंटेंट कंपनीत असेल तर नेमणूकपत्र पुन्हा वाचा, कारण नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, कायद्याने मालकाकडे जातो. सरकारी नोकरीत असाल तर सेवानियमांत मानधनाबद्दल काय लिहिलंय ते आधीच पाहून घ्या. चित्रपटाचा करार करताना १९५७च्या कॉपीराइट कायद्यातली २०१२ची दुरुस्ती माहीत असू द्या. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून लेखकाला मिळणारी रॉयल्टी निर्मात्याला लिहून देता येत नाही, करारात तसं कलम असलं तरी.

आणि मालिकेला होकार देणार असाल तर मानधनाच्या आकड्याआधी, तिथे आधी लिहून गेलेल्या कोणाला तरी गाठून दोन गोष्टी विचारा. एपिसोडची बँक किती दिवसांची असते, आणि नोट्स रात्री किती वाजता येतात. बँक आठवडाभराची असेल आणि नोट्स संध्याकाळपर्यंत येत असतील, तर माझं वरचं बरंचसं म्हणणं तुम्हाला लागू नाही. अशी टीम मला मिळाली असती तर मी कदाचित अजून तिथेच असतो.