एकच 'एक्सक्लुझिव्ह' आलाप तीन गिऱ्हाइकांना, आणि माझे ४७,१५९ रुपये

घरात माइक लावून गाणाऱ्या, रेकॉर्ड केलेला आवाज ऑनलाइन विकून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या गायक-गायिकांनो, हे शेवटपर्यंत वाचा. परदेशातल्या म्युझिक प्रोड्यूसरना तुमचा आवाज विकून देतो, असं सांगणाऱ्यांनी माझे ४७,१५९ रुपये लुबाडले. सुरुवातीला 'पहिली कमाई' म्हणून ६,२०० रुपये त्यांनीच माझ्या खात्यात टाकले होते. ते वजा केले तर ४०,९५९. त्या ६,२०० रुपयांनी पुढे माझं काय केलं ते सांगणारच आहे. शिवाय माझे आलाप, सरगमी आणि दोन पूर्ण गाण्यांचे ड्राय व्होकल (साथसंगीत आणि इफेक्ट नसलेला नुसता आवाज) गेले, ते कुठल्याच तक्रारीत रकमेच्या रकान्यात बसत नाहीत.

पद्धत नेहमीचीच. इन्स्टावर मेसेज, तिथून व्हॉट्सॲप, मग एक ग्रुप आणि त्यात रोज कोणाच्या तरी कमाईचे स्क्रीनशॉट. 'तुला कळलं कसं नाही?' असं मला घरातल्यांसकट सगळ्यांनी विचारून झालंय. तर ऐका. लॉटरी लागली, पार्सल अडकलं, असले फोन मी रोज कापते. हा माणूस आमच्या कामाची भाषा बोलत आला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) नको, ऑटोट्यून नको, फाइलच्या नावात टेम्पो आणि पट्टी लिहा. काळी चार ही पट्टी म्हणजे जी शार्प, हे त्याला सांगावं लागलं नाही. मिरजेची आहे म्हटल्यावर त्याने मिरजेत राहिलेल्या, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव आदराने घेतलं. 'ताई, तुमच्यासारखा तयार गळा बाहेरच्या म्युझिक प्रोड्यूसरना मिळतच नाही, आम्ही फक्त मधला दुवा.' संगीत विशारद होऊन इतकी वर्षं शिकवण्या केल्या, गणपतीत आणि दिवाळी पहाटेला मिळेल त्या पाकिटावर गायले, पुण्याच्या अरेंजरांसाठी डमी गायले ज्याच्यावर नंतर दुसऱ्याच गायिकेचा आवाज चढला. 'तुमच्या आवाजाला किंमत आहे' हे वाक्य अशा माणसाला खरं वाटणारच. त्यात लाज मला का वाटावी? पण वाटते, हेही खरं.

आधी नोंदणीचे ४,९९९ घेतले. आठवड्याच्या आत ६,२०० जमा झाले. हे पैसे आले नसते तर मी तिथेच थांबले असते, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मग 'प्रीमियम कॅटलॉग'चे १८,०००. त्यात एक डॅशबोर्ड मिळाला: माझा फोटो, रेकॉर्डिंगची यादी, प्रत्येकासमोर विक्रीचा आकडा. कपाटाची दारं उघडून त्यावर गोधड्या टाकायच्या, त्यांच्या मध्ये उभं राहायचं, पंखा बंद, पलीकडची पाण्याची मोटर थांबेपर्यंत ताटकळायचं, असं करून मी ते एकेक रेकॉर्डिंग पाठवलं होतं. शिल्लक वाढत वाढत १,४३,६०० दिसायला लागली.

आणि इथेच थांबायचा क्षण होता. डॅशबोर्डवर 'मारवा आलाप, एक्सक्लुझिव्ह' (मारवा रागातला माझा आलाप) अशी ओळ तीनदा होती. गिऱ्हाईक बर्लिनचं, टोरांटोचं आणि दुबईचं. एक्सक्लुझिव्ह म्हणजे एकालाच द्यायचं आणि यादीतून काढून टाकायचं. या धंद्यात पहिल्या दिवशी कळणारी गोष्ट आहे ही. मी ती ओळ पाहिली, पुन्हा पाहिली आणि त्याला विचारलंसुद्धा! त्याचं उत्तर तयार होतं: 'ताई, टेरिटरीप्रमाणे एक्सक्लुझिव्ह असतं.' आता हे उत्तर अगदीच खोटं असतं तर मी पकडलं असतं. हक्क प्रदेशाप्रमाणे वाटून देता येतात, हे खरंच आहे. पण मग प्रत्येक प्रदेशाचा कागद कुठे होता? कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझ्याकडे तिन्ही विक्रींचा एक चिठोरासुद्धा नव्हता. कागद मागा. सगळ्यात आधी कागद मागा. ती ओळ आजही डोळे मिटले की दिसते आणि डोकं फिरतं.

पैसे काढायला गेले तर 'आधी टीडीएस भरा'. १,४३,६०० चे दहा टक्के, १४,३६०. व्यावसायिक फीवर दहा टक्के कापतात हे मी ऐकून होते, म्हणून आकडा बरोबर वाटला. पण टीडीएस पैसे देणारा कापून घेतो, आपल्या पॅनवर भरतो आणि तो प्राप्तिकर खात्याकडच्या आपल्या नोंदीत दिसतो. घेणाऱ्याने आधी भरायचा टीडीएस या देशात नाही. कमिशनचंही तेच: फायव्हरसारखी साइट कमाईतले वीस टक्के कापून उरलेले देते, आपल्या खिशातून आधी मागत नाही. त्यानंतर 'फॉरेक्स क्लिअरन्स'चे ९,८००. दर वेळी यूपीआयवर नाव वेगळं, कंपनीचं कधीच नाही. शेवटी 'अँटी मनी लाँडरिंग डिपॉझिट'चे २२,००० मागितले तेव्हा मी नाही म्हटलं. त्याच रात्री डॅशबोर्ड बंद आणि ग्रुपमधून मी बाहेर. चॅटला मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय त्याने आधीच लावून ठेवलेली होती.

आता यंत्रणेबद्दल. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. तो क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात गेले तर, 'मॅडम, पैसे तुम्हीच पाठवलेत ना?' हो, मीच पाठवले. फसवणूक म्हणजे तेच असतं ना! दरोडा पडला असता तर मी दरोडा म्हटलं असतं. मग म्हणे आरोपी जिथला तिथे तक्रार करा. आरोपी कुठला हे मी शोधायचं? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट आहे. झीरो एफआयआर म्हणतात त्याला. मी ते कलम छापून नेलं. त्यांनी ते वाचलं, मला परत दिलं आणि 'साहेब आल्यावर बघू' म्हणाले. फाइलींबद्दल बोलले तर उत्तर मिळालं, 'गाणं चोरलं म्हणजे काय चोरलं? तुमच्याकडे आहे ना अजून?' बाकावर बसलेले दोघे हसले.

बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. इथपर्यंतही सहन केलं असतं. पण पुढच्या महिन्यात माझंच खातं गोठवलं. का? तर ते ६,२०० रुपये माझ्यासारख्याच फसलेल्या दुसऱ्या राज्यातल्या कोणाच्या तरी खात्यातून आले होते. त्याने तक्रार केली, माग माझ्यापर्यंत आला आणि तिथल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून बँकेने माझं खातं बंद केलं. माझ्या तक्रारीवर पान हलत नाही आणि माझ्याविरुद्ध एका पत्रावर सगळं थांबतं! त्याच खात्यात क्लासची फी येते. भाड्याचे पैसे मला धाकट्या भावाकडून घ्यावे लागले. बँक म्हणते, त्या पोलिसांचं पत्र आणा. ते पोलीस फोन उचलत नाहीत. चोर मोकळा आणि मी आपल्याच पैशांसाठी अर्ज लिहितेय.

म्हणून हेही लक्षात ठेवा: अनोळखी खात्यातून आलेली 'पहिली कमाई' हा नफा नव्हे. ती कोणाकडून आली ते नाव बघा, आणि शिकवणीची फी ज्या खात्यात येते ते खातं असल्या कामाला कधीच देऊ नका.

मध्यंतरी एका विद्यार्थिनीने ध्यानासाठीचं म्हणून एक संगीत ऐकवलं. खाली सिंथचे लांब सूर, लांबलचक रिव्हर्ब आणि वर माझा मारवा. खात्री कशी पटली? कोमल रिषभावरून षड्जावर येताना मागे अगदी बारीक, दुरून भंगारवाल्याची आरोळी आहे. रेकॉर्डिंगच्या दुपारी ती आली होती, सूर फार चांगला लागला होता म्हणून मी तसाच ठेवला. गायिका म्हणून तिथे कोणातरी परदेशी बाईचं नाव आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातली ३८अ आणि ३८ब ही कलमं गायकाला सादरीकरणावर हक्क देतात, स्वतःचं नाव लागण्याचा हक्कही देतात. ते संगीत काढून टाकण्याचा अर्ज मी केला आहे, मालकीचा पुरावा मागताहेत. नशिबाने रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधली मूळ प्रोजेक्ट फाइल तारखेसकट माझ्याकडे आहे. तुमच्याही ठेवा, कधीही पुसू नका, आणि नमुना म्हणून पाठवायचं तर वीस-तीस सेकंद, तेही मधूनमधून स्वतःचं नाव बोलून. स्वच्छ ड्राय व्होकल कोणालाही देऊ नका. आवाजाची नक्कल करणाऱ्या एआयला नेमका तोच माल लागतो. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिलं. माझ्यासारखीला तिथपर्यंत जायला वकिलाची फी कुठून आणायची, ते कोणी सांगावं.

ज्यांच्या डॅशबोर्डवर आत्ता 'पेंडिंग' रक्कम दिसते आहे त्यांनी एक रुपयाही भरू नका आणि त्या माणसाला जाबही विचारू नका. आधी प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट घ्या, चॅट बाहेर काढून ठेवा, यूपीआयचे व्यवहार क्रमांक लिहून घ्या, मग १९३० लावा. तेही लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकले की धरायला काही उरत नाही. आणि 'एक्सक्लुझिव्ह' तीनदा विकलेला आलाप तुमच्याही यादीत असेल तर मला कळवा. एकटीच्या तक्रारीला ते हसतात. दहा जणांच्या तक्रारी एकत्र घेऊन मी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात जायला तयार आहे.