घरी सोडा बनवायचं मशीन: आठ महिने वापरल्यावर

मशीन घ्यायच्या आधी मी रोज कोलाचे तीन कॅन प्यायचे. एक जेवताना, एक चार वाजता, एक रात्री काम आवरताना. गेल्या वर्षी दात साफ करायला गेले तेव्हा डॉक्टरांनी हातात आरसा दिला आणि वरच्या पुढच्या दातांच्या कडा दाखवल्या. काचेसारख्या आरपार दिसत होत्या. “ही कीड नाही, ॲसिडने झीज झालीय,” त्या म्हणाल्या. कोलाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) २.५ च्या आसपास असतो आणि साधारण ५.५ च्या खाली दाताचं इनॅमल, म्हणजे वरचा कडक थर, विरघळायला लागतं. गेलेलं इनॅमल परत येत नाही. ऐकून पोटात गोळाच आला.

घरी येऊन पहिल्यांदा कॅनवरची बारीक अक्षरं वाचली. ३३० मिलीलीटरमध्ये ३५ ग्रॅम साखर. तेवढी साखर काट्यावर मोजली, ग्लासभर साध्या पाण्यात ढवळली आणि तोंडाला लावली. दोन घोटांच्या पुढे जाईना, घसा चिकटला. कोलात हीच साखर आंबटपणा आणि गारव्याच्या आड लपते, म्हणून गटागट जाते. माझे तीन कॅन म्हणजे १०५ ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने दिवसाला ५० ग्रॅमच्या आत राहायचं, जमलं तर २५ च्या. शिवाय प्यायलेल्या साखरेने पोट भरत नाही, जेवण तेवढंच जातं. माझ्या आईला मधुमेह आहे, त्यामुळे हा आकडा मला फार लागला.

पण मला सोडवत नव्हता तो फेस, नाकात जाणारी ती झिणझिण. म्हणून हे मशीन घेतलं. वीज लागत नाही. गॅसचं नळकांडं आत बसवायचं, बाटली अडकवायची, बटण दाबायचं. पाणी फ्रिजमधलं गारच हवं, कोमट पाण्यात गॅस नीट मुरत नाही. आणि लिंबू-सरबत काहीही घालायचं असेल तर गॅस भरून झाल्यावर. मी एकदा आधी घातलं आणि अख्खा ओटा पुसत बसले.

आता तक्रार. मशीनबरोबर कोलाच्या सिरपची बाटली आली. पहिला महिना मी तेच घालत होते आणि आपण सुटलो असं समजत होते. मग लेबल वाचलं, ग्लासामागे साखर जवळपास पूर्वीइतकीच. असलं सिरप ‘आरोग्यदायी पर्याय’ लिहिलेल्या खोक्यात घालायला नको होतं, याचा मला अजून राग आहे. त्यांचं बिनसाखरेचंही सिरप मिळतं, तेही आणून पाहिलं. साखर गेली तरी आंबटपणा तसाच, म्हणजे दातांचा प्रश्न सुटत नाही. आणि वजन काबूत ठेवण्यासाठी अशा बिनसाखरेच्या गोडव्यांवर भरवसा ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये सांगितलंय. मी दोन्ही बाटल्या देऊन टाकल्या.

दुसऱ्या महिन्यापासून नुसता सोडा, कधी पुदिन्याची पानं. पहिले तीन दिवस डोकं ठणकलं, कारण तीन कॅनमध्ये मिळून शंभरेक मिलीग्रॅम कॅफीन पोटात जायचं, पुढे कोलाच्या सिरपमधूनही जात होतं, आणि ते एकदम थांबलं. चौथ्या दिवशी उतरलं. नुसता सोडाही किंचित आम्लधर्मी असतो, पण कोलाच्या मानाने खूपच सौम्य, आणि साखर नसल्याने तोंडातल्या जंतूंना खायला काही मिळत नाही. मात्र आमच्या ह्यांना जळजळीचा त्रास आहे, त्यांना सोड्याने ढेकर आणि आंबट पाणी वर येतं. तसा त्रास असेल तर मशीन घेऊ नका.

मला पाचापैकी चार द्यावेसे वाटतात, एक सिरपमुळे कापला. बाटलीवर वापराची शेवटची तारीख छापलेली असते, ती उलटली की बाटली बदला. दाबाखालची बाटली आहे, आणि गरम पाण्याने तर कधीच धुवू नका.