फ्रीकॅड: फुकट आहे, पण सळई वाकते का?

भांडुपला आमचा गाळा आहे, ग्रिल आणि हँडलचं काम. १२ मिमीची भरीव सळई काटकोनात वाकवलेली कॉम्प्युटरवर काढायची होती, म्हणून फ्रीकॅड हे थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर घेतलं. लायसन्सचा खर्च शून्य, हे पहिलं सुख.

आधी सरळ दांडा काढला आणि तो वाकवायचं बटण शोधत बसलो. अख्खी संध्याकाळ गेली. अहो, वाकवायचं नसतंच मुळी! सळईच्या मधोमध जाणारी वाट काढायची: रेघ, कंस, रेघ. टोकाला वाटेशी काटकोनात स्केच (सपाट रेखाटन) धरून एक गोल, मग तो गोल वाटेवरून ओढून घन आकार करणारं 'ॲडिटिव्ह पाइप' हे बटण. नाव पाइप असलं तरी एकच गोल दिला की सळई आतून भरीवच होते.

तरी कोपरा बिघडलेला. चूक माझीच. कंसाची त्रिज्या ५ मिमी आणि सळईची ६, म्हणजे सळई स्वतःच्याच अंगात घुसत होती. कंस १६ केला, रेघ-कंसाच्या जोडांना टँजंट लावलं, म्हणजे कोन न पडता सलग जुळवलं, सुटलो. आतली त्रिज्या १०, सळई वाकवायच्या आमच्या डायला (साच्याला) बरोब्बर. कंसाची लांबी साधारण २५ मिमी, कापायचं मापही तिथूनच मिळालं.

वर्कबेंच, म्हणजे फ्रीकॅडमधला हत्यारांचा संच, बदलला की बटणं गायब होतात, त्याचा मात्र वैताग येतो. पाचपैकी चार तारे.