श्रीलंका की बाली? गोव्यातून विद्यार्थी घेऊन निघण्याआधी

पालकसभेत फोंड्याच्या एका आईने मला विचारलं होतं, "सर, माड, शेतं आणि समुद्र बघायला एवढे पैसे भरायचे? एवढं तर आमच्या घरामागे आहे." सभेत हशा पिकला. मीही हसलो आणि काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न बिनतोड होता. निसर्ग आणि संस्कृती पाहायला उष्ण कटिबंधातला देश निवडायचा आणि मुलं मुळात त्याच पट्ट्यातली. दिल्लीच्या शाळेला जे अप्रूप वाटेल ते पेडण्याच्या मुलाला वाटणार नाही.

श्रीलंकेला मी अडतीस मुलं घेऊन गेलो आहे, बालीला सोळा. परवा डिचोलीच्या एका सहकाऱ्यांनी दोन्हींचे दर पुढ्यात टाकून "यातलं कुठलं?" असं विचारलं, तेव्हा दरांचे कागद मी बाजूला ठेवले आणि त्यांना पहिलं विचारलं, "सुट्टी कोणती धरताय?"

निम्मा निर्णय तिथेच होतो. श्रीलंकेत दोन पावसाळे आहेत. नैर्ऋत्येचा पाऊस साधारण मे अखेर ते सप्टेंबर कोलंबो, गॉल, सिंहराज या बाजूला कोसळतो, ईशान्येचा डिसेंबर ते फेब्रुवारीत उत्तर-पूर्वेला. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मधला काळ, आणि तेव्हा दुपारनंतर जवळपास सगळीकडेच गडगडाट असतो. म्हणजे दिवाळीची सुट्टी श्रीलंकेला नेमकी वाईट. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं, नोव्हेंबर ते मार्च ओलं. दिवाळी ऑक्टोबरात आली तर बाली छान, नाताळच्या सुट्टीत मात्र छत्र्या धरून देवळं पाहावी लागतात. नाताळात श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम भाग उघडलेला असतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही जमतात. मिन्नेरियाला तळ्याकाठी शेकडो हत्ती जमतात ते ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा आपल्याकडे गणेशाची चवथ असते आणि चवथीला पोर परदेशात पाठवणारी गोवेकर आई मला अजून भेटलेली नाही. उडावलावेला हत्ती वर्षभर दिसतात, तेवढ्यावर भागवायचं.

आता निसर्ग. इथे मी तोलूनमापून बोलणार नाही, श्रीलंका सरळ पुढे आहे. आणि गोव्याच्या मुलांसाठी त्याला खास कारण आहे. जैवविविधतेच्या नकाशावर पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून एकच क्षेत्र धरतात. म्हणजे म्हादई-नेत्रावळीचं रान आणि सिंहराजचं रान ही चुलत भावंडं. बोंडल्याला धनेश पाहिलेल्या मुलाला सिंहराजमध्ये दुसरा, फक्त श्रीलंकेत आढळणारा करडा धनेश दिसतो. आपला रानकोंबडा करड्या मानेचा, त्यांचा तांबूस-केशरी. कर्णा पक्षी मात्र दोन्हीकडे तोच. माशाच्या कालवणात आपण आमसूल घालतो, ते घालतात गोरका, आणि ही दोन्ही झाडं एकाच कुळातली. "हे आमच्याकडे आहे, पण जरासं वेगळं" असं मुलं दिवसभर म्हणत राहिली. समुद्राची पातळी खाली असताना ही दोन्ही रानं जमिनीने जोडलेली होती आणि पुढे तुटली, हे वर्गात तीन तास शिकवून डोक्यात शिरत नाही, ते तिथे दोन तासांत शिरलं. जळवा दोन्हीकडच्या सारख्याच चिवट. लांब मोजे सक्तीचे करा.

सिंहराजला 1988 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. तिथे वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही आणि ते बरंच आहे. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र थव्याने रान पिंजत जातात. तो थवा आला की पाच मिनिटं कुठे बघू आणि कुठे नको होतं. तो येईपर्यंत मात्र तासभर गप्प उभं राहावं लागतं, आणि अडतीस मुलं तासभर गप्प उभी राहत नाहीत. आम्ही चार गट केले, वाटाडे चार घेतले, खर्च वाढला. पुन्हा गेलो तरी तसंच करीन.

बालीचा निसर्ग म्हणजे ज्वालामुखी. जांभ्या दगडावर वाढलेल्या मुलाला बतूरच्या पायथ्याशी गोठलेल्या काळ्या लाव्ह्यावर उभं केलं की तो हात लावून बघतो. पहाटे चारला चढायला लागून 1717 मीटरवर सूर्योदय, हे मुलांना आयुष्यभर पुरतं, पण माथ्यावर गर्दी जत्रेसारखी असते. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, सांगावी लागते. बाली आणि लोंबोक या बेटांमधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून वॉलेस रेषा जाते. 1856 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस बालीहून लोंबोकला उतरला आणि एवढ्याशा अंतरात पक्षी बदलल्याचं त्याच्या लक्षात आलं. अलीकडे आशियातले सुतार आणि तांबट, पलीकडे ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे काकाकुवा. जीवशास्त्राची मुलं असतील तर एवढ्यासाठी लोंबोकची फेरी करा, नाहीतर होडी लागून उलट्या करण्यापलीकडे हाती फार काही येणार नाही.

प्राण्यांच्या नावाखाली चालणारी दुकानं दोन्हीकडे आहेत. श्रीलंकेत हत्तीवर बसवणं, टाक्यांत साठवलेली कासवाची पिल्लं हातात देणं, बालीत पिंजऱ्यातल्या उदमांजराला फळं चारून त्याच्या विष्ठेतल्या बियांची केलेली कॉफी. मोरजीला किंवा गालजीबागला कासवाची पिल्लं वाळूतून समुद्राकडे जाताना पाहिलेल्या आमच्या एका मुलीने तिथल्या माणसाला विचारलं, "यांना टाकीत कशाला ठेवलंय?" उत्तर मिळालं नाही. असली ठिकाणं कार्यक्रमपत्रिकेतून आधीच खोडून टाका. सहल-एजंट ती पुन्हा घुसवतात, पुन्हा खोडा.

संस्कृतीच्या बाजूला तराजू इतका सरळ झुकत नाही.

श्रीलंकेला जाताना गोव्याची मुलं स्वतःचा इतिहास घेऊन जातात, फक्त त्यांना तो ठाऊक नसतो. पोर्तुगीज तिथे 1505 मध्ये पोचले, गोव्यात 1510 मध्ये. 1560 च्या जाफना मोहिमेत व्हाइसरॉय कोन्स्तांतिनो द ब्रागांझाने बुद्धाचा दात म्हणून पुजला जाणारा अवशेष लुटून गोव्यात आणला. पेगूच्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, राजाने तो सोडवायला मोठी रक्कम देऊ केली, पण आर्चबिशपच्या आग्रहाने तो कुटून, जाळून, नदीत टाकण्यात आला. कँडीच्या दंतमंदिरातले लोक सांगतात की खरा दात पोर्तुगीजांच्या हाती कधी लागलाच नाही. मांडवीच्या काठी कॉलेजला जाणारी मुलं त्या मंदिरात रांगेत उभी असताना मी हे सांगितलं. एरवी रांगेत मोबाइल काढणाऱ्या मुलांनी तो काढला नाही.

आणि याच्या उलट बाजूला जोसेफ वाझ. बाणावलीत 1651 मध्ये जन्मलेला हा धर्मगुरू 1687 मध्ये वेष पालटून श्रीलंकेत उतरला, कारण डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. कँडीच्या राजाने त्याला आधी हेर समजून कैद केलं, पुढे बौद्ध राजानेच आश्रय दिला. 1711 मध्ये तो कँडीतच वारला आणि 2015 मध्ये कोलंबोत त्याला संतपद जाहीर झालं. वर्गात रॉड्रिग्ज, नाईक, शेख एकत्र बसत असतील तर कँडीचे दोन दिवस सगळ्यांचे होतात. सिगिरियाचा खडकावरचा किल्ला, दांबुल्लाची लेणी, पोलोन्नारुवाची जुनी राजधानी पाहायचीच. गॉलचा किल्ला आग्वादच्या मुलांना अर्ध्या तासात संपतो.

बाली वेगळ्या जागी चिमटा काढते. तिथले बहुसंख्य लोक हिंदू, पण मंगेशी-कवळ्याच्या सवयीने आत गेलेलं मूल गोंधळतं. पुष्कळ देवळांत मूर्तीच नाही, रिकामं दगडी सिंहासन. नैवेद्य रोज सकाळी पानाच्या द्रोणात, दारात, फुटपाथवर, दुचाकीवरसुद्धा. देवळाचा वाढदिवस 210 दिवसांच्या पंचांगाने येतो, आणि त्या रात्री गाव जमतं, वाद्यं वाजतात, महाभारतातली सोंगं नाचतात. पेडण्याचा दशावतार किंवा सत्तरीतलं रणमालें पाहिलेल्या मुलाला हे परकं वाटत नाही, आणि आपलंही वाटत नाही. तेच हवं असतं. पर्यटकांसाठीचा उलुवाटूचा केचक नाच बघा जरूर, पण मुलांना हेही सांगा की आज दिसतो तो केचक 1930 च्या दशकातला आहे. मुलींना एक गोष्ट निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. मासिक पाळीत देवळात येऊ नये अशा पाट्या तिथे दारावरच असतात. शिक्षिका सोबत हव्यातच.

पण बालीला माझ्या मते जायचं ते पाण्यासाठी. तिथल्या पायऱ्यांच्या भातशेतीला पाणी वाटून देणाऱ्या शेतकरी-मंडळांना सुबक म्हणतात. 2012 मध्ये त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. कुणी कधी पेरायचं, कुणाचं शेत कधी पडीक ठेवायचं हे जलमंदिरांत ठरतं. 1970 च्या दशकात सरकारने नवी बियाणं देऊन "जमेल तितकी पिकं घ्या" म्हटलं, सगळ्यांच्या पेरण्या मागेपुढे झाल्या आणि किडीने शेतं खाल्ली. देवळाचं वेळापत्रक किडीला उपाशी मारत होतं, हे पुढे स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने संगणकावर मांडून दाखवलं. जातिलुविहच्या बांधावर मी हे बोलत असताना दिवाडीचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या खाजनात पण असंच होतं ना? मानस कधी उघडायची ते गावकरीत ठरायचं." होतं. खाजन म्हणजे बांध घालून खाडीचं खारं पाणी अडवलेली शेती, मानस म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं दार, आणि गावकरी म्हणजे गावाची जुनी सामायिक संस्था. त्याच्या आजोबांनी बांध फुटलेला पाहिला होता, त्याने फक्त ऐकलं होतं. फोंड्याच्या त्या आईला द्यायचं उत्तर मला तिथे सापडलं.

पाण्याची गोष्ट श्रीलंकेतही आहे. बाराव्या शतकात पराक्रमबाहूने पोलोन्नारुवाला बांधलेलं तळं समुद्र म्हणूनच ओळखलं जातं. जुन्या तळ्यांच्या बांधात पाण्याचा दाब मोडणारी चौकोनी विहीर असते, तिला बिसोकोटुवा म्हणतात. पण ती राजांची गोष्ट. सुबक शेतकऱ्यांची आहे, म्हणून खाजनाच्या मुलांना ती जास्त जवळची.

व्यवहाराचं थोडक्यात. विमानतळ दाबोळी असो की मोपा, आधी चेन्नई किंवा बेंगळुरू गाठावं लागतं. चेन्नईहून कोलंबो दीड तासाच्या आत, बेंगळुरूहून थेट बाली सहा-सात तास, त्यामुळे तिकिटाचा फरक मोठा पडतो. श्रीलंकेचं घड्याळ आपलंच, बाली अडीच तास पुढे. बालीत विमानतळावर मिळणाऱ्या व्हिसाला 5 लाख रुपिया आणि 2024 पासून बेटाचा पर्यटन कर दीड लाख रुपिया. शून्यं बघून पालक घाबरतात, हिशेब रुपयांत करून द्या. श्रीलंकेत अंतरं फसवी आहेत. सिगिरिया-कँडी नव्वदेक किलोमीटरला तीन तास धरा. कँडी-एल्ला रेल्वे सुंदर, दूधसागरच्या गाडीची आठवण देणारी, पण दरडी कोसळल्या की बंद पडते, तेव्हा बसचा पर्याय हाताशी असू द्या. बालीत मोठी बस उबुदच्या गल्ल्यांत शिरत नाही. वीसपेक्षा जास्त मुलं असतील तर बाली म्हणजे अर्धा वेळ वाहतुकीत.

जेवणाची काळजी श्रीलंकेत नाही. भात, नारळाचं कालवण, मासे, आणि इंदियाप्पा म्हणजे आपल्या शिरवळ्यांच्या थेट बहिणी. बालीत शाकाहारी मुलांना टोफू-टेंपे मिळतं, पण तिखटात कोलंबीची पेस्ट लपलेली असते, विचारून घ्यावं लागतं. मोठी मुलं असतील तर आणखी एक. बालीत अरक नावाच्या गावठी दारूतून मिथेनॉलची विषबाधा झाल्याच्या घटना आहेत, आणि अमली पदार्थांसाठी इंडोनेशियाचा कायदा अतिशय कडक आहे. किनाऱ्यावरच्या गावातल्या मुलांना "मला काही होत नाही" असं वाटतं. स्पष्ट बोला.

डिचोलीच्या सहकाऱ्यांना मी शेवटी सांगितलं ते असं: अकरावी-बारावीची तीस-चाळीस मुलं, बहुतेकांचा पहिला परदेश, नाताळची सुट्टी, तर श्रीलंका, डोळे मिटून. कॉलेजची पंधरा-सोळा मुलं, नाटक, शेती किंवा वास्तुकलेची आवड, सुट्टी कोरड्या दिवसांतली, तर बाली. दोन्ही देशांत मिळून एक सहल करू म्हणणाऱ्या एजंटला चहा पाजून वाटेला लावा.

आणि पासपोर्ट आजच गोळा करा. मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी हे सगळे सांगतात, गोव्यातली खरी अडचण वेगळी असते. गटात दोन-तीन मुलं पोर्तुगीज पासपोर्टची निघतात. त्यांचे व्हिसाचे नियम वेगळे, आणि सिगिरियाच्या खिडकीवर भारतीय पासपोर्टला सार्क देशांचं कमी दराचं तिकीट मिळतं, त्यांना पूर्ण भरावं लागतं. आमच्या वेळी हे खिडकीवरच कळलं. मागे रांग खोळंबली, पुढे दोन मुलं मान खाली घालून उभी, आणि फरकाचे पैसे मी खिशातून भरले.