जमिनीवरची मांडी की खुर्ची?

गुडघे निरोगी असतील तर मांडी घालून बसण्यात काहीच गैर नाही. उलट खुब्याचा सांधा बाहेरच्या बाजूस वळत राहतो आणि प्रत्येक वेळी उठताना मांडीच्या स्नायूंना आपोआप काम मिळते. खुर्चीवर गुडघा साधारण 90 अंशांत वाकतो, तर मांडी घालताना तो त्याहून बराच अधिक दुमडतो, आणि उकिडवे बसल्यावर तर गुडघ्याच्या वाटीमागील कूर्चेवरचा दाब आणखी वाढतो. म्हणूनच ज्यांच्या गुडघ्यांची झीज झाली आहे, त्यांनी पंगतीतही निःसंकोच खुर्ची मागावी. यजमानांनीही त्याला अपमान समजण्याचे कारण नाही.

खुर्ची मात्र निर्दोष नव्हे. तासन्‌तास बसल्यास खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात, पाठीला पोक येतो, आणि खोल, मऊ सोफा तर दुखऱ्या गुडघ्यांना विशेष जाचतो, कारण बैठक जितकी खाली, तितका उठताना गुडघ्यांवरचा भार जास्त. बैठक गुडघ्याच्या उंचीइतकी किंवा किंचित उंच असावी, आणि तळवे जमिनीला पूर्ण टेकावेत.

कंबरदुखीच्या बाबतीत निवड इतकी सोपी नाही. खुबे कडक असलेल्या माणसाची कंबर मांडी घालताच मागे गोल होते. अशा वेळी बैठकीखाली घडी केलेली सतरंजी ठेवल्यास कणा बराच सरळ राहतो. दोन्ही पद्धतींत अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावेच.